रिकामी गाडी ढकलू नये

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पाळणा हलणार असला की ती बातमी पोटावरून कळायच्या आधी खोक्यांवरून कळते. एक खोकं हॉलंडहून येतं, एक फ्लोरिडाहून. आमच्या बेटावर, या ओत्रोबांदा वस्तीत, असं घर शोधून सापडायचं नाही, ज्याचं एक पोर इकडे आणि एक तिकडे गेलेलं नाही. आणि दोघांनाही वाटत असतं की आईचं घर आपल्याच देशाच्या वस्तूंवर चालावं. इस्त्री याची, पंखा तिचा, एवढ्यावर एरवी भागतं. पण फीनाच्या नातीच्या बाबागाडीवरून जी जुंपली, तशी मी त्याआधी पाहिली नव्हती.

फीना म्हणजे सेफेरिना. तिचं दार बरोबर माझ्या खिडकीसमोर. मी शिंपीण. उजेडासाठी मशीन खिडकीशी ठेवलेलं, त्यामुळे गल्लीत जे चालतं ते आपोआप दिसतं. याला लोक नसत्या चौकशा म्हणतात. म्हणेनात का.

फीना उंच, हाडापेराने मजबूत, आणि मान कायम ताठ. तरुणपणी ती पाण्यापलीकडे, पुंडात, एका व्यापाऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला होती. रोज सकाळी तरंगता पूल ओलांडून जायची, कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन बांधायची, आणि त्या घरच्या पोरांना होडीएवढ्या बाबागाडीत घालून समुद्रकाठाने फिरवायची. ती गाडी इंग्लंडहून बोटीने आलेली. फीनाची स्वतःची तिघं तेव्हा तिच्या आईजवळ असायची. संध्याकाळी घरी आली की ती त्यांना आळीपाळीने कडेवर घ्यायची. "लोकांची पोरं गाडीत, आपली कमरेवर," असं ती हसत सांगायची. त्याच कमरेने म्हातारपणी दगा दिला. डाव्या बाजूला, जिथे तिन्ही पोरं बसली, नेमकी तिथे.

दवाखान्यातून तिला वॉकर मिळाला. तिने तो घरी आणला, कारण मिळालेली वस्तू परत देणं तिच्या रक्तात नाही, पण वापरला मात्र नाही. अंगणात उभा केला, वर फळी टाकली आणि भेंडीच्या सुपात घालायच्या पाल्याच्या कुंड्या त्यावर मांडल्या.

"अगं, तो चालायला दिलाय," मी म्हटलं.

"मी म्हातारी झाले हे चार पायांनी वाजवत सांगत फिरू? लोकांना डोळे आहेत. दिसायचं ते दिसेल."

आणि दिसतच होतं. ती भिंतीला बोटं लावून चालायची. दुकानापर्यंत जाताना कुठल्या घराचा कोपरा कुठे येतो हे तिच्या हाताला पाठ झालेलं. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही, अशी बाई.

तिची धाकटी ग्लेनीस गल्लीच्या वरच्या टोकाला राहते. तिची विमानतळावर नोकरी, नवरा टगबोटीवर. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, आणि मग एकदाचे दिवस राहिले. सगळ्या गल्लीला आनंद झाला. पण ग्लेनीस आईसारखीच स्पष्ट बोलणारी. पोट दिसायला लागल्यावर एका दुपारी ती आईच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "माय, रजा संपली की मला कामावर जायचंय. बाळ तुझ्याकडे राहिलं तर मला हवंच आहे. पण तू भिंती धरून चालतेस. त्याला घेऊन तुला दवाखान्यात, चर्चमध्ये, दुकानात जाता आलं पाहिजे. जमणार नसेल तर मी पुंडातल्या पाळणाघरात नाव घालते."

"मी भिंत धरत नाही," फीना म्हणाली. "भिंतच मधे येते."

ग्लेनीस हसली नाही. ती गेल्यावर फीना बराच वेळ दारातच बसून राहिली. मग मी दोन पेले चिंचेचं सरबत घेऊन गेले, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "एल्द्रा, परक्यांची पोरं मी वाढवली. माझी तिघं माझ्या आईने वाढवली. आता हे एक तरी मला हवंय. हे गेलं तर मी फक्त भिंतीच धरत बसणार." तिला असं सरळ मागताना मी पहिल्यांदा ऐकलं.

गाडीचं बोलणं तिथून सुरू झालं. तिचा मुलगा हेन्सली रॉटरडॅमला, मोठी मुलगी मिरेल्वा फ्लोरिडात. दर रविवारी चर्चनंतर टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून दोघांना समोर घ्यायचं आणि गप्पा मारायच्या, असा रिवाज. मी शेजारी असतेच.

"मला गाडी भक्कम पाहिजे," फीनाने जाहीर केलं. "बाकी काही नको. भक्कम."

"मग इथलीच," हेन्सली म्हणाला. "माय, इथे लोक गाडी ढकलत चालतात. पाऊस असो, बर्फ असो. चाकं मोठी, खाली स्प्रिंगा, आणि बाळाचं तोंड आपल्याकडे. अमेरिकेत गाडी जन्मभर मोटारीच्या डिकीत झोपलेली असते."

"आणि तुमचा देश ताटासारखा सपाट," मिरेल्वा म्हणाली. "गल्लीतल्या त्या पायऱ्या विसरलास वाटतं? माय, इथली तीन चाकांची घे. हवा भरलेली चाकं, दगडावरून लोण्यासारखी जाते. एका हाताने घडी होते. खाली एवढी मोठी टोपली, की आठवड्याचा बाजार मावेल. आणि कॉफीचा पेला ठेवायला खास जागा आहे."

"चालताना कॉफी कोण पितं?" हेन्सली म्हणाला.

"ज्यांच्याकडे ठेवायला जागा असते ते पितात."

"तुमच्या त्या गाड्या रुंद किती! मायच्या फाटकातून आत येईल का ती?"

"फाटक मोठं करून घेऊ. तुझ्या गाडीचं ओझं उचलता उचलता माय वाकेल त्यापेक्षा बरं. नाकापेक्षा मोती जड."

इकडे ग्लेनीस पोटावर हात ठेवून दोघांकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "मूल माझं आहे, हे कुणाला आठवतंय का?" कुणाला आठवत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायची हौस परदेशी गेलेल्या माणसाला फार.

हट्टाला पेटून दोघांनीही गाड्या पाठवल्या. आता प्रश्न असा की ठेवायच्या कुठे. पोटुशीच्या घरात आणि तिच्या आईच्या घरात रिकामी बाबागाडी नको, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. आणि रिकामी गाडी ढकलायची तर मुळीच नाही. रिकामा पाळणा हलवू नये तसंच ते. का, असं विचारणाऱ्या पोरीचा कान पिळला जायचा, म्हणून कारण कोणालाच ठाऊक नाही. तर दोन्ही खोकी आली माझ्या घरी.

"तुझ्याकडे कसली भीती?" फीना म्हणाली. "तुझा कारखाना कधी उघडलाच नाही."

"म्हणून तर माझी कंबर शाबूत आहे," मी म्हटलं.

गाड्या जोडायला एक अख्खा शनिवार गेला. हॉलंडच्या गाडीबरोबर माहितीचं पुस्तक होतं, कितीतरी भाषांतलं, आमची सोडून. तिच्याबरोबर बाळाच्या पायांना घालायची केसाळ ऊबदार पिशवीही होती. आमच्या उन्हात! ती माझ्या मांजरीने ताब्यात घेतली आणि परत दिलीच नाही. अमेरिकेच्या गाडीवर जागोजागी सूचना चिकटवलेल्या. त्यातली एक फीनाने ग्लेनीसकडून वाचून घेतली: बाळ आत असताना गाडीची घडी घालू नये. फीना विचारात पडली. "म्हणजे कुणीतरी घातली असणार," ती म्हणाली.

मग त्या चालवून बघायच्या. पण रिकामी ढकलायची नाही ना! म्हणून मी घरातलं मक्याच्या पिठाचं पोतं आणलं. धडधाकट पोतं, चांगलं वर्षाच्या पोराच्या वजनाचं. ते आत निजवलं, पट्टा बांधला, आणि आमची वरात निघाली. आधी अमेरिकेची. दगडांवरून खरंच छान गेली, मिरेल्वा खोटं बोलली नव्हती. पण फीनाच्या फाटकाशी अडकली ती अडकलीच, तिरकी करावी तरी जाईना. मग हॉलंडची. ती दगडांवर जरा हादरत होती, पण स्प्रिंगा धक्का पिऊन टाकत होत्या. फाटकातून सरळ आत गेली. पायऱ्यांशी मागची चाकं आधी उतरवून फीनाने ती अशी सफाईने खाली नेली, की पुंडातल्या त्या व्यापाऱ्याची पोरं आठवावीत.

मी मात्र चाकांकडे बघतच नव्हते. फीनाचे हात बघत होते. अमेरिकेच्या गाडीची मूठ मऊ आणि जराशी बुटकी. फीनाने ती धरली आणि लगेच सोडली. हॉलंडच्या गाडीची मूठ वर ओढून हवी तेवढी उंच करता येत होती. ती तिने कमरेच्या वर आणली, दोन्ही पंजे टेकवले आणि हळूहळू सगळा भार त्यावर टाकला. गाडी हलली नाही. तिच्या तोंडावर सुख दिसलं. कितीतरी महिन्यांनी ती गल्लीच्या मधोमध उभी होती, भिंतीपासून दूर, सरळ.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "फीना, ही गाडी तू बाळासाठी बघतेस की स्वतःसाठी?"

"तू शिंपीण ना? मग तोंड शीव."

मी शिवलं. हॉलंडची गाडी ठरली. हेन्सलीने तिकडे मित्रांना बिअर पाजली म्हणे. मिरेल्वा दोन रविवार टॅबलेटवर आलीच नाही. तिची गाडी ग्लेनीसने मोटारीच्या डिकीत ठेवली आणि ती तिथेच राहिली, हेन्सली म्हणाला होता तशीच.

मायरेली जन्मली तीच मुळी बोलक्या डोळ्यांची. मनगटात नजर लागू नये म्हणून काळ्या-लाल मण्यांचं कडं, आणि कपाळावर आजीसारखी आठी. ग्लेनीसची रजा संपली आणि रोज सकाळी बाळ फीनाकडे यायला लागलं. ते महिने फीनाच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती गाडी घेऊन निघाली की तिची मान पूर्वीपेक्षाही ताठ असायची. दुकान, चर्च, खाली पुलाच्या तोंडाशी मासे घेऊन येणाऱ्या बायका, सगळीकडे. बाळाचं तोंड तिच्याकडे, त्यामुळे दोघींच्या गप्पा अखंड चाललेल्या. "दुशी, ती बघ तांची एल्द्रा. खिडकीतून सगळं बघते, पण आपण तिला हसायचं." दुशी म्हणजे लाडके, आणि तांची म्हणजे मावशी. लोक मानाने म्हणायचे, शोन फीना वयाने मागे चालल्यात. ग्लेनीसलाही वाटलं, आईची कंबर बरी झाली. बाळाच्या पायगुणाने झाली, असं ती सगळ्यांना सांगायची. फीना ते मोडून काढत नसे.

मग ती दवाखान्याची सकाळ आली. बाळाला टोचायला न्यायचं होतं. ग्लेनीसने सुट्टी घेतली होती. मीही सोबत होते, कारण परतताना मला दोरे घ्यायचे होते. जाता जाता फीनाने पपई आणि मासे घेतले आणि पिशव्या गाडीच्या मुठीला अडकवल्या. दवाखान्याच्या दारात ग्लेनीसने पट्टा सोडून बाळाला उचललं. बाळ रडायला लागलं, म्हणून ती त्याला थोपटत दोन पावलं पुढे गेली. फीना गाडीशी उभी होती, नेहमीसारखी, दोन्ही हात टेकून. आत बाळ नाही, हे तिच्या डोळ्यांना कळलं होतं. हातांना कळलं नव्हतं. गाडीची पुढची चाकं वर उचलली गेली, मूठ खाली गेली, आणि फीना पाठीमागे धपकन बसली. पपई फुटली. गाडी तिच्या मांडीवर आडवी.

आम्ही त्या गाड्या गल्लीत किती फिरवून पाहिल्या होत्या! पण दर वेळी पोतं घालून. रिकामी एकदाही ढकलली नव्हती, जुन्या बायकांचा शब्द मोडायचा नाही म्हणून. रिकामी असताना तिच्यावर माणूस टेकलं तर काय होतं, हे आम्हाला त्या दारात कळलं.

लोक धावले. फीना कोणाचा हात न घेता उठायला बघत होती. "काही नाही झालं. फरशी ओली होती." फरशी ठणठणीत कोरडी होती. पडली तरी नाक वर, ते यालाच म्हणत असावेत.

ग्लेनीसचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने गाडीकडे बघितलं, आईच्या हातांकडे बघितलं, आणि सगळं तिच्या लक्षात आलं. "माय, तू टेकत होतीस. रोज."

ग्लेनीसने बाळाला छातीशी धरलं.

"बाळ आत असतं तर?"

"बाळ आत असतं तर मी पडलेच नसते," फीना म्हणाली.

खरं तेच होतं, पण त्याहून वाईट उत्तर जगात नसेल. ग्लेनीस म्हणाली, "म्हणजे माझी पोर तुझं वजन आहे होय? तुला तोल राहावा म्हणून?" आणि तिथेच रडायला लागली. फीनाला डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मायरेली पाळणाघरात जायला लागली.

गाडी फीनाच्या पुढच्या खोलीत भिंतीशी उभी, वर चादर घातलेली. तिने तिला हातही लावला नाही. रिकामी ढकलायची नाही, आणि आत घालायला कोणी नाही. भिंतीला धरून चालणंही तिने सोडलं. दार अर्धं लावून आत बसायची. चर्चलाही येईना. मी भेंडीचं सूप आणि मक्याचा गोळा नेऊन ठेवायची, संध्याकाळी तसाच परत आणायची. रविवारी टॅबलेट वाजून वाजून बंद व्हायचा. हेन्सलीचं म्हणणं, गाडीची चूक नाही, पिशव्या मुठीला अडकवायच्या नसतात, पुस्तकात लिहिलंय. मिरेल्वाचं म्हणणं, तीन चाकांची असती तर असं झालं नसतं. दोघांनी मलाच फोन करून हे ऐकवलं. मी दोघांनाही जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका सकाळी मशीनवर बसले असताना गल्लीतून ठक, ठक असा आवाज आला. बघते तर फीना. वॉकर घेऊन. कुंड्या खाली उतरवलेल्या, नळ्यांवर अजून माती, आणि ती चर्चला घालायचा निळा झगा घालून, गल्लीच्या मधोमध, वरच्या दिशेने निघालेली. दारादारातून लोक बघत होते. ती कोणाकडेही बघत नव्हती. वॉकर एक दगड पुढे ठेवायची, मग आपण यायची. मी हातातला झगा टाकून मागे गेले. शेजारी जायची माझी हिंमत झाली नाही.

ग्लेनीस बाळाला घेऊन पाळणाघराकडे निघायच्या बेतात दारातच होती. आईला बघून ती थिजली. तिने कधी कल्पनाच केली नव्हती.

"घे," फीना म्हणाली. तिला दम लागला होता. "घेतला वॉकर. सगळ्या गल्लीने बघितलं. झालं समाधान?"

"माय, मी असं कुठे म्हटलं होतं..."

"मला बोलू दे. माझी कंबर गेलीय. मी टेकून चालते. गाडीवर टेकत होते, आणि तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पोर दिली नसतीस. आता सांगते. हा घेऊन मी कुठेही जाईन. पण या चार पायांवर मूल कुठे ठेवू, ते तू सांग. गाडीत मूल बसतं आणि मीही उभी राहते. दुसरं काही मला येत नाही, ग्लेनीस. पोरं फिरवणं सोडून दुसरं काही मी शिकलेच नाही."

मायरेलीने आजीकडे दोन्ही हात केले. फीनाला वॉकर सोडून ते हात घेता येईनात. ती तशीच उभी, मूठ घट्ट धरलेली, आणि डोळ्यांतून पाणी. ग्लेनीसने बाळाला तिच्या गालाशी नेलं आणि तिघी तिथेच उभ्या राहिल्या. मी गल्लीतल्या लोकांना म्हटलं, "काय बघताय? कामं नाहीत का?" माझ्या तोंडी हे शोभत नाही, ठाऊक आहे मला.

तोडगा ग्लेनीसनेच काढला. एके दिवशी ती माझ्याकडे आली. "तांची एल्द्रा, ते पिठाचं पोतं कुठाय?" ती आईला आणि पोत्याला घेऊन कामाआधी रोज गल्लीत फिरली, खाली पुलापर्यंत आणि परत, स्वतः मागे चालत, एक अवाक्षर न बोलता. आई टेकते कशी, पायऱ्या उतरते कशी, थांबते कशी, सगळं पाहिलं. मग नियम घातला. मुठीला पिशवी अडकवायची नाही, टोपलीत ठेवायची. थांबलं की ब्रेक. आणि गाडी रिकामी कधीही नाही. मूल बाहेर तर पीठ आत.

अशी मायरेली परत आली, आणि पोतंही कायमचं आलं. दवाखान्यात, चर्चच्या दारात, जिथे बाळाला उचलायचं तिथे आधी टोपलीतलं पोतं वर, मग हात मोकळे. गल्लीने त्याचं नाव ठेवलं: फीनाचा नातू. माशांच्या बायका विचारायच्या, "शोन फीना, हा बोलतो का हो?" फीना म्हणायची, "तुमच्यापेक्षा कमी." मी त्याला उरलेल्या कापडाचं झालरीचं टोपडं शिवून दिलं. मायरेली चालायला लागल्यावर तो नातू जास्त वेळ गाडीत आणि ती बाजूने, गाडीच्या दांडीला धरून. पोरगी आजीच्याच पावलांनी चालायची, आजीला ती वेला म्हणायची. पुढे पळायची नाही.

कोणी तिला काही समजावलं नव्हतं. पोतं गाडीत का बसतं, हे तिच्यासमोर आम्ही कधी बोललो नाही. फीनाची सक्त ताकीद होती.

आता ती शाळेत जाण्याच्या वयाची झालीय. गेल्या महिन्यातली गोष्ट. पिठाला कीड लागली, म्हणून फीनाने पोतं कोंबड्यांपुढे रिकामं केलं होतं, आणि दुकानातलं नवं अजून यायचं होतं. शनिवारची सकाळ. शनिवारी दोघी पुलाच्या तोंडाशी जाऊन सारण भरून तळलेली गरम पास्तेची खातात, हे ठरलेलं. मी खिडकीत होते. फीना दारात उभी, चौकटीला धरून.

"आज नको गं, दुशी. ऊन फार आहे."

आमच्याकडे ऊन कधी फार नसतं? मायरेलीने आजीकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. टोपडं गाडीत एकटंच पडलं होतं. तिने ते उचललं, स्वतःच्या डोक्यावर चढवलं, आणि गाडीत जाऊन बसली. मावत नव्हतीच. गुडघे हनुवटीशी आलेले, पाय खाली लोंबणारे. पट्टा तिने स्वतः ओढून बांधला.

 फीनाने चौकट सोडून मूठ धरली, भार टाकला, आणि दोघी निघाल्या. मीही मशीन बंद करून पाठोपाठ गेले. मला दोरे घ्यायचे होते, असं समजा.

पास्तेचीवालीने कढईतून मान वर केली आणि हसायला लागली. "काय गं, एवढी घोडी झालीस आणि गाडीत बसतेस? पाय नाहीत का तुला?"

"आहेत," मायरेली म्हणाली. "पण मी उतरले तर वेला पडेल."

पास्तेचीवालीने झारा खाली ठेवला. मी फीनाकडे बघितलं. वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, फरशी ओली आहे म्हणणार. ती म्हणाली, "ऐकलंत ना? मग द्या दोन. हिला चीजची."

परत येताना चढावर दगडांशी पोरगी दोन्ही पाय उचलून धरत होती, चाकांत येऊ नयेत म्हणून. हातात पास्तेची, डोक्यावर ते झालरीचं टोपडं. अर्ध्या चढावर तिने तोंड वर करून आजीला विचारलं, "वेला, मी पुरेशी जड आहे ना?"

"आहेस गं बाई," फीना म्हणाली. "अगदी पुरेशी."